डोळ्यांना वेगळं रक्त लागत नाही

"आता या वयात असं व्हायचंच." सत्तरी गाठलेल्या माणसाने घरात डोळ्यांची तक्रार केली की हे वाक्य तयार असतं. मुलगा म्हणतो, सून म्हणते, कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, आणि वाईट म्हणजे पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. धूसर दिसतंय? मोतीबिंदू असेल. क्षणभर अंधारी आली? उन्हात कशाला गेला होतात! एका डोळ्याने कमी दिसतंय? नंबर वाढला असेल, लग्नसराई उरकली की बघू. आणि काहीच सुचलं नाही तर पित्त आहेच. मराठी घरांत पित्ताला जेवढी कामं करावी लागतात तेवढी यकृतालाही नसतील.

हा नुसता हलगर्जीपणा असता तर चार शब्द सुनावून विषय संपवता आला असता. पण त्यामागे एक मत आहे, आणि ते चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचं आहे. ते असं: डोळा हा सुटा अवयव आहे. म्हातारपणी तो झिजतो. झिजला की मोतीबिंदू काढायचा, चष्मा बदलायचा, थेंब घालायचे. हृदय, मेंदू, रक्तवाहिन्या हा वेगळा विषय, वेगळा डॉक्टर, वेगळी फाइल. दोन्हींचे आजार उतारवयात डोकं वर काढतात हा योगायोग. म्हाताऱ्या माणसाचे केस पिकतात आणि गुडघेही दुखतात, म्हणून काय केसांचा गुडघ्यांशी संबंध लावायचा?

युक्तिवाद चटपटीत आहे. फक्त तो करणाऱ्याने शरीररचनेचं पुस्तक उघडलेलं नाही. मानेला दोन्ही बाजूंना बोट लावलं की ज्या धमन्यांचे ठोके लागतात, त्यांची आतली शाखा कवटीत शिरून मेंदूला रक्त देते. कवटीत शिरल्यावर तिला फुटणारी पहिली मोठी शाखा कुठे जाते? डोळ्याकडे. त्याच शाखेतून डोळ्याच्या पडद्याची मुख्य धमनी निघते. आणि हा पडदा गर्भात मेंदूच्याच भागातून बाहेर येऊन घडलेला असतो. कालव्याच्या टेलला ज्याची जमीन आहे त्या शेतकऱ्याला वर पाणी कुठे अडलं, कुठे फुटलं हे पाटबंधारे खात्याच्या आधी कळतं. पडदा तसा टेलला आहे. तो ओरडत असताना आपण त्याला सांगतो आहोत की बाबा, तुझं वय झालं.

आधी मोतीबिंदूचं घेऊ, कारण सगळा घोटाळा त्याच्या यशातून झाला आहे. आपल्याकडे अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. गावोगाव शिबिरं झाली, लाखो माणसांना पुन्हा दिसायला लागलं. ही लहान गोष्ट नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे अंध असल्याचं दिसलं. समोरचा पक्ष हा आकडा झेंड्यासारखा फडकवतो: बघा, बहुतेक मोतीबिंदूच असतो! मान्य. पण तीनांतले दोन म्हणजे तीनही नव्हेत. आणि तो आकडा आहे अंध झालेल्यांचा. ज्याची दृष्टी काल संध्याकाळपर्यंत बरी होती आणि आज सकाळी एका डोळ्याने गेली, त्याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

मोतीबिंदू येतो कसा? सावकाश. महिन्यांनी, वर्षांनी. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसतात, वर्तमानपत्र खिडकीपाशी न्यावंसं वाटतं, रंग मळतात. दाढीला बसलेल्या माणसाचा एक गाल होऊन दुसरा सुरू होईपर्यंत मोतीबिंदू येत नसतो. तरीही "अजून पिकला नसेल, थांबा" असं सांगून माणसं घरी बसवली जातात. मग एक दिवस शस्त्रक्रिया होते, भिंग उत्तम बसतं, आणि तरी दिसत नाही. "डॉक्टरने डोळा बिघडवला," असा गावभर बोभाटा होतो. पण भिंगाच्या मागचा पडदा कधीच आजारी झाला होता, ही शक्यता कोणी विचारात घेतली होती का? कॅमेऱ्याची काच पुसून उपयोग नाही, आत फिल्मच जळली असेल तर, हे बहुतेकांना शस्त्रक्रियेनंतर कळतं.

आता त्या मताचा सर्वांत धोकादायक भाग. "परत दिसायला लागलं ना? मग झालं तर!"

एका डोळ्यावर वरून खाली पडदा उतरावा तसं होतं. राखाडी किंवा काळं. दुखत नाही, खुपत नाही. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. मग पडदा उचलला जातो आणि सगळं पूर्ववत. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, लिंबूसरबत करून देतात. या प्रकाराला वैद्यकात अमॉरोसिस फ्यूगॅक्स म्हणतात, आणि त्याचं मूळ डोळ्यात क्वचितच असतं. मॉन्ट्रियलमध्ये काम करणाऱ्या सी. मिलर फिशर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं की एका डोळ्याची अशी क्षणिक अंधारी आणि पुढे येणारा अर्धांगवायू यांचा धागा मानेतल्या धमनीपाशी जुळतो. १९६१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट हॉलनहॉर्स्ट यांनी पडद्याच्या धमन्यांच्या फाट्यांवर अडकलेले चकाकते पिवळसर कण वर्णन केले. ते होते कोलेस्टेरॉलचे तुकडे, मानेतल्या धमनीच्या भिंतीवरून सुटून रक्ताबरोबर वर आलेले. आजही त्या कणांना हॉलनहॉर्स्ट यांच्याच नावाने ओळखतात.

म्हणजे काय झालं ते समजून घ्या. मानेत साचलेल्या थरातून एक कण सुटला. तो डोळ्याच्या फाट्याला वळला, थोडा वेळ अडकला, फुटला, पुढे गेला. हे नशीब. पुढचा कण मेंदूच्या फाट्याला वळणार नाही याची हमी कोण देणार? लिंबूसरबत?

यावर एक तयार उत्तर येतं की ही अतिशयोक्ती आहे, डोळ्यापुरती अंधारी आलेल्यांना पक्षाघाताचा धोका तसा कमी असतो. अर्धी माहिती ही अशी असते. उत्तर अमेरिकेत झालेल्या नॅसेट या मोठ्या चाचणीतले मानेतली धमनी अरुंद झालेले रुग्ण पुढे तपासले, तेव्हा ज्यांना फक्त डोळ्याचा झटका आला होता त्यांना पुढच्या पक्षाघाताचा धोका मेंदूचा झटका आलेल्यांच्या सुमारे निम्मा दिसला. खरं आहे. पण निम्मा कशाचा? त्याच चाचणीच्या १९९१ सालच्या निष्कर्षांत, धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद असलेल्या आणि केवळ औषधांवर ठेवलेल्या रुग्णांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया करून धमनी साफ केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के. २६चा निम्मा हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा कोणाला वाटतो? आणि भारतीयांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त. शिवाय खराब झालेल्या झडपा आणि अनियमित ठोके यांमुळे हृदयातून गुठळी सुटते ती वेगळीच. तेव्हा "ते गोऱ्यांचे आकडे" म्हणून सुटका करून घेण्यात अर्थ नाही.

हा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. ऑक्सफर्डच्या एक्सप्रेस अभ्यासाने २००७ साली दाखवलं की अशा क्षणिक झटक्यानंतर ताबडतोब तपासून औषधं सुरू केली की पुढच्या ९० दिवसांतला पक्षाघाताचा धोका १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येतो. औषधं काही जादूची नव्हती. रक्त पातळ ठेवणारी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, रोजचीच. फरक होता तो वेळेचा. लग्नसराई उरकेपर्यंत थांबणाऱ्यांनी हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

कण छोटा नसेल, अडकून बसला तर? पडद्याची मुख्य धमनी बंद होते आणि डोळा मिनिटांत आंधळा होतो, तोही दुखल्याशिवाय. पंजाबात जन्मलेले आणि आयोवा विद्यापीठात हयात घालवलेले सोहन सिंग हेरेह यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की रक्त अडल्यापासून साधारण शंभर मिनिटांनी पडद्याची न भरून येणारी हानी सुरू होते, आणि चार तासांत फारसं काही उरत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली पक्षाघाताची व्याख्या सुधारली, तेव्हा पडद्याच्या पेशी रक्ताअभावी मरणं हे तिच्यात स्पष्टपणे घातलं. २०२१ साली त्यांनी पुन्हा बजावलं: पडद्याची धमनी बंद होणं हा पक्षाघातच, रुग्ण तातडीने त्याच सोयीच्या ठिकाणी न्या. अशा रुग्णांचा एमआरआय काढला तर चौघांतल्या एकाच्या आसपास मेंदूतही ताज्या, कुठलीच तक्रार न केलेल्या इजा सापडतात.

इथे विरोधक विजयी मुद्रेने विचारतात, "पण गेलेला डोळा परत येतो का?" बहुधा नाही. ती दृष्टी खात्रीने परत आणणारा उपाय आज तरी हाती नाही. मग धावाधाव कशाला? अहो, धावाधाव त्या डोळ्यासाठी नाहीच. ती दुसऱ्या डोळ्यासाठी आहे, उजव्या हातासाठी आहे, वाचेसाठी आहे. चष्म्याच्या दुकानाबाहेर नंबराची वाट बघत बसलेला माणूस पक्षाघात अंगावर घेऊन बसलेला असू शकतो, एवढी साधी गोष्ट पटायला अजून किती माणसं आडवी व्हायला हवीत?

तिसरा मुद्दा खातेवाटपाचा. डोळ्याचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बीपीचं फिजिशियनकडे, दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. हे आपल्याला आधुनिक वाटतं. पण शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्यात बघण्याचं उपकरण जगापुढे आणलं तेव्हापासून पुढची शंभर वर्षं फिजिशियन मंडळीही त्यातून रुग्णाच्या रक्तवाहिन्या वाचत आली. शरीरात कुठेही न कापता धमन्या आणि शिरा थेट दिसतील अशी ही एकच जागा.

काय दिसतं तिथे? काळोख केलेल्या खोलीत, थेंब घालून बाहुली मोठी केलेल्या डोळ्यात डॉक्टर भिंगातून प्रकाश सोडतात तेव्हा तांबूस नारिंगी पडदा उजळतो. नाकाच्या बाजूला फिकट पिवळसर गोल, तिथून वर-खाली फुटलेल्या वाहिन्या: धमन्या बारीक, उजळ लाल, शिरा जाड, काळपट. निरोगी धमनीची भिंत दिसतच नाही, दिसते ती आतल्या रक्ताची रेघ आणि तिच्या मधोमध प्रकाशाची बारीक तिरीप. बीपी वर्षानुवर्षं चढा राहिला की भिंत जाडावते, तिरीप रुंदावते आणि धमनी तांब्याच्या तारेसारखी दिसू लागते. त्याहून वाईट झालं की चांदीच्या तारेसारखी. जिथे धमनी शिरेला ओलांडते तिथे दोघींचं वेष्टन एकच असतं, त्यामुळे ताठरलेली धमनी शिरेला दाबते आणि शीर तिथे तोडल्यासारखी भासते. लंडनचे नेत्रतज्ज्ञ मार्कस गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही खूण नोंदवली. पुढे ज्वाळेच्या आकाराचे रक्तस्राव येतात, कापसाचे पुंजके ठेवल्यासारखे पांढुरके डाग येतात, आणि अगदी शेवटी तो फिकट गोल सुजतो.

ही खुणांची यादी शोभेची नाही. मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे पडदा पाहून चार गट केले. पहिल्या गटातले ७० टक्के तीन वर्षांनी हयात होते. चौथ्या गटातले फक्त ६ टक्के. बीपीवर धड औषधं नव्हती त्या काळात माणूस किती जगेल हे पडदा सांगत होता. आज औषधं आहेत, ती स्वस्त आहेत, आणि पडदा मात्र आपण फक्त नंबरापुरता उरवला आहे. तुमच्या फिजिशियनने तुमच्या डोळ्यात शेवटचं कधी पाहिलं? किंवा त्याने ते काम दुसऱ्याला सांगितलं तरी होतं का?

दुसऱ्या खात्याची तऱ्हाही तीच. धमनीने दाबलेली शीर एखाद्या दिवशी बंद पडते, पडद्यात रक्त पसरतं, मध्यभागी सूज येते. मग डोळ्यात इंजेक्शनं. उपचार चांगला आहे, अनेकांची दृष्टी त्याने वाचते. पण रुग्णाशी बोलून बघा. "तीन झाली, चौथं पुढच्या महिन्यात." बीपी किती आहे? "ते नाही हो बघितलं एवढ्यात." ज्या दाबामुळे शीर बंद झाली तो तसाच, आणि आपण पडद्याची सूज पुसत बसलोय. दुसऱ्या डोळ्यातली शीर त्याच दाबाखाली आहे, हे सांगायला नेत्रतज्ज्ञाच कशाला हवा?

"पण मी दरवर्षी डोळे तपासतो," असं ठणकावून सांगणारे वाचक याच टप्प्यावर वाचणं थांबवतील. जरा थांबा. कुठे तपासता? चष्म्याच्या दुकानात यंत्रापुढे हनुवटी टेकवून, खालची ओळ वाचून? तो तक्ता पडद्याच्या मधल्या चिमूटभर भागाची परीक्षा घेतो. बाकीचा पडदा रक्तस्रावांनी भरलेला असला तरी माणूस शेवटची ओळ खणखणीत वाचू शकतो. मधुमेहात नेमकं हेच होतं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. पन्नाशीच्या पुढच्या मधुमेहींमध्ये १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा राष्ट्रीय पाहणीत आढळल्या, म्हणजे साधारण सहांत एक. यांतल्या कितीतरी जणांना काहीही जाणवत नसतं. आणि या खुणा ज्याच्या पडद्यावर असतात त्याच्या हृदयाला, मेंदूला आणि मूत्रपिंडांना असलेला धोकाही वाढलेला असतो, कारण बारीक वाहिन्या सगळीकडे त्याच साखरेत भिजत असतात. स्कॉटलंडमध्ये २०२४ साली पूर्ण झालेल्या लेन्स चाचणीत फेनोफायब्रेट या मूळच्या रक्तातल्या चरबीवरच्या गोळीने मधुमेहातला पडद्याचा आजार वाढण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी केला. ती नेमकी कशी काम करते यावर तज्ज्ञ भांडतील, भांडोत. रक्तासाठी बनवलेली गोळी पडद्याला उपयोगी पडते, तरी खाती वेगळी?

थेंब घालून पडदा तपासायचा म्हणजे चार-पाच तास अंधुक दिसतं, उन्हाचा त्रास होतो, घरी आणायला कोणीतरी लागतं. खरी अडचण इथे आहे. त्या कोणीतरीला अर्धा दिवस रजा टाकावी लागते. म्हणून वर्षंच्या वर्षं थेंब टळतात, आणि वर कारण दिलं जातं की आजींनाच आवडत नाही.

आता हुशार विरोधकाकडे वळू. तो म्हणतो: दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीमुळे झाली असं नव्हे. दोन्ही वयाबरोबर येतात, एवढंच. नियम बरोबर आहे, लावला मात्र चुकीच्या जागी. अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या पडद्याचे फोटो काढून पुढे पक्षाघात कोणाला होतो हे पाहिलेला अभ्यास २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. वय, रक्तदाब, मधुमेह हे सगळं हिशेबात धरूनही ज्यांच्या पडद्याच्या वाहिन्यांत बिघाड होता त्यांना पक्षाघात जास्त झाला. वयाची सबब तिथेच गळून पडते. आणि कारण सिद्ध व्हायलाच हवं असा हट्ट कशासाठी? डोळ्यामुळे हृदयविकार होतो असं कोण म्हणतंय? आम्ही म्हणतोय की दोघांना पोसणाऱ्या वाहिन्यांचा आजार एकच आहे आणि तो डोळ्यात आधी दिसू शकतो.

सगळेच दुवे सारखे पक्के नाहीत, हे मात्र सांगायलाच हवं, नाहीतर आपल्यात आणि भोंदूंत फरक काय? म्हातारपणी पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा जो आजार आहे, त्याचा हृदयाशी संबंध कधी दिसला, कधी नाही. २०२२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातून आलेल्या कामाने त्यातली एक गाठ सोडवली: पडद्याच्या थरात एका विशिष्ट जागी साचणारे कण ज्यांच्यात होते, त्यांच्यात हृदयाचे गंभीर आजार आणि पक्षाघात जास्त आढळले, इतरांत तसं नव्हतं. आजार एका नावाचा, रूपं दोन. काचबिंदूतही असंच. डोळ्यातला दाब कमी करणं हाच त्यावरचा उपचार. पण दाब नॉर्मल असूनही ज्यांची नस सुकते, त्यांच्यातल्या काहींचं बीपी रात्री झोपेत फार खाली जातं. हेरेह यांनी १९९४ सालापासून हे लावून धरलं. म्हणजे चढं बीपीच नव्हे, गोळ्यांनी रात्री नको तितकं उतरलेलं बीपीही डोळ्याला भोवू शकतं. (हे वाचून कोणी गोळी स्वतःहून बंद करू नये. दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावावं.) आणि बुबुळाभोवतीचं ते करडं कडं पाहून घाबरणाऱ्यांसाठी: कोपनहेगनच्या २०११ सालच्या अभ्यासात त्या कड्याने हृदयविकाराचा काही अंदाज दिला नाही, पापण्यांवरच्या पिवळ्या चट्ट्यांनी मात्र दिला.

ही छाननी करायची ती कुठल्याही डोळ्यावरून कुठलंही भविष्य सांगणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी. बुबुळावरच्या रेषा पाहून मूत्रपिंड ओळखतो म्हणणाऱ्यांची परीक्षा १९७९ सालीच 'जामा'त छापून आली आणि तीत ते सपशेल नापास झाले. गूगलच्या संशोधकांनी २०१८ साली पडद्याच्या फोटोवरून वय, लिंग आणि धूम्रपानाची सवय यंत्राने ओळखून दाखवली, हे खरंच थक्क करणारं आहे. पण हृदयाच्या मोठ्या झटक्याचा अंदाज बांधताना त्या यंत्राचा गुण ०.७० होता, जिथे ०.५ म्हणजे नाणेफेक आणि नेहमीच्या कागदी हिशेबाचा गुण ०.७२. तेव्हा "एका फोटोत तुमच्या हृदयाचं वय" असं पॅकेज कोणी विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पण त्याच्या थापा खोट्या म्हणून पडदाही खोटा, असा सोयीचा निष्कर्ष काढणाऱ्यालाही तोच चहा पाजायला हवा.

राहिला शेवटचा युक्तिवाद, जो कोणी मोठ्याने बोलत नाही: या वयात एवढं खोलात जाऊन काय करायचंय? हे वाक्य आपल्या चांगुलपणाच्या पोशाखात फिरतं, "त्यांना उगाच त्रास नको" म्हणून. त्रास कसला? बीपी मोजणं, साखर, कोलेस्टेरॉल, एक ईसीजी, मानेच्या धमनीची डॉप्लर तपासणी, जी पोटाच्या सोनोग्राफीसारखीच असते, सुईसुद्धा टोचत नाहीत. आणि न तपासण्याचा त्रास? गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचता न आल्याने एकच गोळी दोनदा घेणं, उंबरठा न दिसल्याने खुब्याचं हाड मोडणं, आणि मग एक दिवस उजवी बाजू लुळी पडून उरलेली वर्षं दुसऱ्याच्या हातून जेवणं. या त्रासाची चौकशी आधी का होत नाही?

म्हणून ठामपणे सांगायचं ते हे. पन्नाशीच्या पुढे डोळा ही चष्म्याची बाब राहत नाही, ती रक्तवाहिन्यांची बाब होते. अचानक गेलेली दृष्टी, परत आली तरी, पक्षाघाताची सूचना समजायची, तोपर्यंत समजायची जोपर्यंत तपासणीत वेगळं काही सिद्ध होत नाही. पडद्यावर बीपी किंवा साखरेच्या खुणा आढळलेला माणूस हा हृदय आणि मेंदू तपासून घ्यायचा माणूस आहे. आणि "वय" हे कुठल्याही कागदावर निदान म्हणून लिहिलेलं चालवून घ्यायचं नाही.

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी बघताना एकाचं अपयश दुसरा झाकून नेतो. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी आणि चावताना दुखणारा जबडा यांबरोबर नजर गेली, तर चष्म्याच्या दुकानात नको, मेंदूचा स्कॅन होईल अशा रुग्णालयात जा. त्याच दिवशी जा, वाटेत दिसायला लागलं तरी जा. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या, त्यासाठी एका दिवसाची रजा काढा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला कागद फिजिशियनच्या फाइलला लावा, बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. हे काम सध्या दोघांपैकी कोणीच करत नाही, तेव्हा ते तुम्हालाच करावं लागेल.